बियाच्या वांग्यावरची चिंधी

सुखदेव गेल्याचा फोन आला तेव्हा मी नुकताच जेवायला बसलो होतो. त्याचा मुलगा आनंद बोलत होता. "काका, बाबा गेले. सकाळी वाफ्यात मेथी टाकली, मंग म्हणाले चहा आण. चहा घेऊन आलो तं…" मी विचारलं, पडला का रे? "नाही काका. स्टुलावर बसलेच होते. हाताले माती होती." मी फोन खाली ठेवला. त्या वेळी मनात पहिल्यांदा जे आलं तेच लिहितो, कारण ते दडवायचं असेल तर या वयात लेखणी हातात धरण्यात काही अर्थ नाही. दुःख झालं, पण ते नंतर. आधी वाटलं, ह्याला मरणही माझ्यापेक्षा चांगलं आलं. माझे गुडघे गेले आहेत, दिवसाचा बराच वेळ खाटेवर जातो, सून गोळ्या वाटीत काढून ठेवते आणि मी त्या घेतल्या की नाही हे येऊन बघते. मी असाच हळूहळू जाणार. आणि हा आश्विनातल्या कोवळ्या उन्हात, नुकत्याच पेरलेल्या वाफ्याकडे बघत…

अडुसष्ट वर्षं मी या माणसाचा हेवा केला. त्यातली बहुतेक वर्षं लोक आम्हाला जिवलग मित्र म्हणत आले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि त्या एकत्र कशा राहतात हे मला अजूनही नीट सांगता येत नाही.

घाटंजी-कळंबकडच्या बाजारात दसऱ्यानंतर एक वांगं येतं. लहान, जांभळं, अंगावर पांढरे उभे पट्टे, देठाला बारीक काटा. भाजीवाल्या त्याला 'माधव वांगं' म्हणून हाक मारून विकतात. ह्या वांग्यासाठी मला शाली मिळाल्या, नारळ मिळाले, शेतकऱ्यांच्या मेळाव्यात खुर्ची मिळाली. तो माधव मी. ते वांगं माझं नाही, सुखदेवच्या आईचं आहे. हे एवढं एक वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली, आणि ज्याच्यासमोर लिहायचं तो आता नाही.

१९५६च्या जूनमध्ये घाटंजीपासून चारेक कोसांवरच्या एका गावी प्राथमिक शाळेत आम्ही दोघं एकाच आठवड्यात मास्तर म्हणून रुजू झालो. मी बावीस वर्षांचा, तो एकवीसचा. त्या काळी शाळेत सूतकताई आणि बागकाम शिकवावं लागे. शाळेमागे विहिरीला लागून जमिनीचा एक तुकडा होता. हेडमास्तरांनी मधोमध धुरा, म्हणजे मातीचा बांध, घालून तो आम्हाला वाटून दिला. विहिरीकडची बाजू माझी, ओढ्याकडची सुखदेवची. म्हणाले, दिवाळीच्या सुटीआधी मला दोन्हीकडे भाजी दिसली पाहिजे. मला हसूच आलं. माझं घर त्याच गावचं, दारात चार बैलजोड्या, वडिलांच्या शब्दावर गाव पेरणीला निघायचा. सुखदेवकडे वीतभर जमीन नव्हती. बाप लहानपणीच गेलेला. आई वेणूबाई, तिला आम्ही वेणूमाय म्हणत असू, हिनं लोकांच्या वावरात निंदण आणि कापूस वेचणी करून त्याला नॉर्मल स्कूलपर्यंत, म्हणजे मास्तरकीच्या शाळेपर्यंत, शिकवलं होतं. ह्या सामन्यात कोण जिंकणार हे मी ठरवूनच टाकलं होतं. सामना आहे हे सुखदेवला माहीत नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

वांग्याचं रोप आषाढातच टाकावं लागतं. मी कुणाला विचारलं नाही. जे टाकलं ते पहिल्याच झडीत मुळाशी कुजून बसलं. श्रावण लागला तरी माझ्याकडे लावायला रोप नव्हतं, आणि हे घरी सांगायची सोय नव्हती. एका सकाळी वेणूमाय डोक्यावर टोपलं घेऊन शाळेमागे आली. ओल्या फडक्याखाली वांग्याची रोपं होती.

"मास्तर, हे अर्धे तुमचे," ती म्हणाली. "तुंब्यात होतं नव्हतं तेवढं बी यंदा टाकून देल्लं. दोघाईले पुरते."

तुंबा म्हणजे वाळलेल्या भोपळ्याचं पोकळ भांडं. राखेत घोळलेलं बी त्यात भरून, तोंड शेणानं लिंपून ती तो चुलीवर आढ्याला टांगत असे. ते बी तिच्या आईकडून आलेलं होतं. सगळं बी कशाला टाकलं, पुढच्या वर्षासाठी काही ठेवायचं नाही का, एवढं साधं मी विचारलं नाही. रोपं घेतली.

लावायचं कसं तेही तिनंच दाखवलं. उन्हं कलल्यावर लावायचं, मुळाशी चिमूटभर राख टाकायची आणि पहिले तीन दिवस प्रत्येक रोपावर पळसाच्या पानाचं टोपरं ठेवायचं. माझी अर्धी टोपरी वाऱ्यानं उडाली. सुखदेवच्या बाजूचं एकही उडालं नाही, कारण माय-लेकांनी पानाचे देठ मातीत खुपसून ठेवले होते. पोळा झाल्यावर मुळा आणि पालक टाकला, पाऊस ओसरला तशी मेथी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर. एकाच विहिरीचं पाणी, एकच माती, वांग्याचं रोपही एकाच टोपल्यातलं. आणि तरी महिन्याभरात धुऱ्यावर उभं राहिलं की डाव्या हाताला एक बाग दिसे आणि उजव्या हाताला एक वाफा. पोरं मधल्या सुटीत त्याच्याकडेच जमत. हेडमास्तर पाहुण्यांना आधी ओढ्याकडे नेत. सुखदेव फारसं काही करताना दिसतही नसे. सकाळी येऊन तो एकेका झाडाजवळ नुसता बसे, पान उलटून बघे, पुढच्या झाडाकडे सरके. मी दुप्पट खत घालत होतो, दुप्पट पाणी देत होतो. माझी झाडं नुसती पानांनी माजली.

दसऱ्याच्या आठेक दिवस आधी आमचे आबा, म्हणजे माझे वडील, काही कामानं शाळेकडे आले आणि मागे बाग बघायला गेले. मी मुद्दाम त्यांना विहिरीकडून आणलं. त्यांनी माझा वाफा पाहिला. धुरा ओलांडून पलीकडे गेले. उकिडवे बसले, मातीचं ढेकूळ उचलून बोटांनी फोडलं.

"हे कोनाचं?"

"सुखदेवचं."

"ह्या पोराले माती ओळखते," आबा म्हणाले. "तुले आजून नाही ओळखत, माधव."

आबा तसे वाईट माणूस नव्हते. त्यांनी फक्त जे दिसलं ते सांगितलं. पण मी चांगला शिकलो, नोकरीला लागलो, आणि एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी शाबासकीचा एक शब्द ऐकला नव्हता. तो त्यांच्याजवळ नाहीच अशी माझी समजूत होती. तो होता. तो त्यांनी काढून दुसऱ्याला दिला, तोही अशा मुलाला, ज्याची आई आमच्याच वावरात कापूस वेचायला येत असे.

इथे आणखी एक गोष्ट कबूल करतो. मी सुखदेवच्या घरी पाणी पीत असे. तेव्हाच्या गावात ही लहान गोष्ट नव्हती. घरी कळलं तेव्हा आईनं दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. वेणूमायच्या हातची भाकर आणि अंबाडीची भाजीही मी खाल्ली. ती म्हणायची, "दिवाळीले आपल्या वांग्याचं भरीत खाऊ घालीन मास्तर, पऱ्हाटीच्या विस्तवावरचं." पऱ्हाटी म्हणजे कापसाची वाळकी झाडं. मी स्वतःला मोठा सुधारक समजत होतो. खरं म्हणजे पाण्याचा गडू तोंडाला लावताना माझं लक्ष पाण्याकडे कमी आणि रस्त्यानं बघत जाणाऱ्यांकडे जास्त असे.

त्या दसऱ्याला नागपूरला धम्मदीक्षा होती. सुखदेवची अख्खी वस्ती निघाली होती. निघायच्या आदल्या दिवशी सुखदेव मला बागेत घेऊन गेला.

"पाच-सहा दिवस लागतीन. पाणी तेवढं पाह्यशीन ना?"

"तू जा ना गड्या. मी आहो न."

मग त्यानं मला ती चिंधी दाखवली. वांग्याच्या झाडांत एक झाड वेणूमायनं हेरून ठेवलं होतं, आणि त्याच्या पहिल्या फळाच्या देठाला तिच्या हिरव्या लुगड्याच्या काठाची चिंधी बांधली होती. चिंधी बांधलेलं फळ तोडायचं नाही, ते झाडावरच पिवळं होऊ द्यायचं आणि त्याचं बी काढायचं, ही रीत आमच्याकडेही होती. फळ तेव्हा अंड्याएवढं होतं. "एवढं मात्र सांभाळ," सुखदेव म्हणाला. "तुंबा रिकामा हाये."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी शाळेमागे गेलो. शाळेला सुटी, चिटपाखरू नाही. दोन्हीकडे पाणी दिलं, आधी त्याच्या झाडांना, मग माझ्या. मी दगाबाज नाही हे बहुधा मला स्वतःला दाखवायचं होतं. मग त्या चिंधीपाशी जाऊन बसलो. रोपांत दोन-चार झाडं भेसळीची आली होती; फळ लहान असताना सारखंच दिसे, पण मोठं झालं की हिरवट पडे, आत नुसत्या बिया, आणि चव कडू. माझ्याकडच्या अशा एका झाडाचं फळ मी चाखलं होतं, म्हणून पानावरून मला ते ओळखता येऊ लागलं होतं. सुखदेवच्या ओळीत तसं एक झाड नेमकं चिंधीच्या झाडाला लागून होतं. दोन हातांचं अंतर. मी चिंधी सोडली आणि शेजारच्या कडू झाडाच्या फळाला बांधली. एवढ्या झाडांत चिंधी दोन हात सरकली तर कोणाला कळणार… बियाचं खरं फळ तोडून मी विहिरीत टाकलं. ते बुडालं नाही. वांगं पाण्यावर तरंगतं हे मला तोवर माहीत नव्हतं. मी काठावर उभा राहून बघत होतो आणि ते मधोमध गोल गोल फिरत होतं. शेवटी बादली सोडून सोडून ते वर काढलं आणि ओढ्यापलीकडे भिरकावलं. त्या दुपारी मला अपराधी वाटलं असं लिहिलं तर वाचायला बरं दिसेल. मला हलकं वाटलं होतं. घरी येऊन मी पोटभर जेवलो.

सहाव्या दिवशी ते परतले. वेणूमाय पांढऱ्या लुगड्यात होती. मी तिला कधी तसं पाहिलं नव्हतं, आणि ती नेहमीपेक्षा ताठ चालत होती. सुखदेव तर आतून उजळल्यासारखा दिसत होता. त्याचाही मला हेवा वाटला. माझ्या आयुष्यात असं काही घडलंच नव्हतं की ज्यासाठी सगळ्या गावाचा रोष पत्करून निघावं. नागपूरच्या बाजारातून त्यानं माझ्यासाठी एक खुरपं आणलं होतं. ते आधी माझ्या हातात दिलं, मग बागेकडे गेला. मी व्हरांड्यातून बघत होतो. तो चिंधीजवळ बसला. बोटानं चिंधी उचलून पाहिली. शेजारच्या झाडाकडे बघितलं. मग उठला, हात झटकले, आणि माझ्याजवळ येऊन म्हणाला, "पाणी बरोबर देल्लं गड्या."

कळलं नाही ह्याला, मी मनात म्हटलं.

संध्याकाळी वेणूमाय आली. तीही तिथे बसून उठली. जाताना व्हरांड्यासमोर थांबली, माझ्याकडे पाहिलं आणि गेली. त्या दिवाळीत भरीत झालं नाही. पुढेही तिनं मला कधी भरीत खाऊ घातलं नाही. मी गेलो की पाण्याचा गडू पुढे येई. तो देताना ती बोलत नसे.

ऐन त्या दिवाळीत आमचं राज्य बदललं. मध्य प्रदेशातले आम्ही मुंबई राज्यात गेलो. पण गावात त्याची कुणाला पडली नव्हती. चर्चा होती ती वस्तीनं घरातले देव ओढ्यात सोडले त्याची. वेणूमायला कापूस वेचायला कोणी बोलवेना, आमच्या घरूनही बोलावणं गेलं नाही. काही लोकांनी सुखदेवच्या वर्गातून पोरं काढून माझ्या वर्गात घातली. मी मात्र त्याच्या घरी जात राहिलो, पाणी पीत राहिलो, आणि त्याबद्दल माझं मला कौतुक होतं. मार्गशीर्षात ते कडू वांगं पिवळं झालं. सुखदेवनं ते तोडलं आणि घरी नेलं. तिकडे माझ्या वाफ्यात मीही एक फळ राखलं होतं, अर्थात वेणूमायच्याच रोपाचं. मोठं फळ, पट्टे ठळक. त्याचं बी मी राखेत घोळून ठेवलं.

पुढच्या वर्षी जेठात सुखदेव आमच्या घरी आला. आबा आणि गावातले चार-पाच शेतकरी ओसरीवर बसले होते. तो खाली अंगणातच उभा राहिला.

"माधव, माझं वांग्याचं बी बिघडलं. तुझ्याजवळचं थोडं देशीन का?"

मी आत जाऊन बी आणलं. त्यानं ओंजळ पुढे केली. मी ओसरीवरून, वरूनच, त्याच्या ओंजळीत ते सोडलं. ज्याच्या घरी मी पाणी पीत होतो त्याच्या हाताला माझा हात लागणार नाही अशी काळजी मी आमच्या ओसरीवर घेतली. "घे ना," म्हणालो, "पाहिजे तेवढं घे." ओसरीवरचा एक जण म्हणाला, "सुखदेव मास्तराची बाग एवढी नावाजलेली, अन् बी माधवचं लागते?" सगळे हसले. सुखदेवही हसला. आबा म्हणाले, "मले पण ठेवजो रे थोडं. वावराच्या कडेनं लावून पाहू." त्या दिवशी मला माझा तो शब्द मिळाला. आबांनी लावलं, त्यांच्याकडून दुसऱ्यांनी नेलं, दोन-तीन वर्षांत घाटंजीच्या बाजारात ते वांगं माझ्या नावानं विकायला येऊ लागलं. विकणाऱ्या बाया मला ओळखतही नव्हत्या.

आठ वर्षं आम्ही त्या शाळेत एकत्र होतो. १९६४ साली सुखदेवची बदली पुसदकडे झाली. जायच्या दिवशी सकाळी तो मला म्हणाला, चाल, वाफ्यातून चक्कर मारून येऊ. पावसाळ्याचे शेवटचे दिवस होते, वांग्याला पहिली फळं धरली होती. त्यानं खिशातून एक चिंधी काढून माझ्या हातात दिली.

"बियाचं फळ बांध बरं एखादं."

मी एक बघून बांधलं. तो हसला. "ही बैलाची गाठ हाये."

"मग?"

"बैल बांधणाराचा हात तसाच चालते. घट्ट, दोन पेडी. आमच्या घरी कोनाच्याच हयातीत बैल नाही. माय बांधते ते सैल बांधते, देठाले वाढाले जागा पाहिजे म्हणून. त्या वर्षी नागपूरहून आलो तं चिंधीले हीच गाठ होती. देठाले काच बसला होता."

मी विचारलं, "मग तू बोलला काहून नाही?"

"काय बोलू? चिंधी जाग्यावर नेली असती तं तुले समजलं असतं की मले समजलं. मंग तू घरी आला असता? त्या साली गावात आमच्या घरचं पाणी पेणारा तू एकटा होता, माधव. वांग्याचं काय, वांगं पुन्हा लावता येते." मग म्हणाला, "माय म्हणे, मी जाऊन विचारतो मास्तराले. मीच अडवलं तिले. तिनं मले आजून माफ नाही केलं."

मग त्यानं माझी गाठ सोडली आणि वेणूमायची गाठ मला शिकवली. दोन सैल वेढे, मध्ये बोट जाईल एवढी जागा, आणि गाठ डाव्या अंगाला, कारण वेणूमाय डावखुरी होती आणि सुखदेवनं तिच्या हाताकडे बघून बघून ती उचललेली. तीन-चार वेळा त्यानं माझ्याकडून ती करून घेतली, पहिलीतल्या पोराकडून अक्षर गिरवून घ्यावं तशी. मी तेव्हा माफी मागायला हवी होती. मी म्हणालो, "तुझी मोटार लागली असन." त्याच्या मनाच्या मोठेपणाचासुद्धा मला राग आला होता. ज्या माणसाचं आपण नुकसान केलं तो आपल्यापेक्षा लहान असावा असं वाटत असतं. हा तसा व्हायलाच तयार नव्हता.

त्यानंतरही मी कुठे काही बोललो नाही. बोलण्याच्या संधी भरपूर आल्या. एका मेळाव्यात माझा सत्कार झाला तेव्हा सुखदेव पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता. मोकळेपणानं, दोन्ही हात वर करून. मला वाटलं होतं, आता सांगावं. पण समोर एवढे लोक, गळ्यात हार… मी वांग्यावरच्या किडीबद्दल बोललो आणि खाली बसलो. वेणूमाय गेली तेव्हा मी पोचवायला गेलो होतो. तिच्या चेहऱ्याकडे मला बघता आलं नाही.

निवृत्तीनंतर सुखदेवनं घाटंजीत लहानसं घर बांधलं आणि मागे वाफे केले. मी यवतमाळात मुलाकडे. वर्षातून दोनदा भेट होई. मी गेलो की तो मला मागे नेई, झाडं दाखवी, आणि मी घरी येऊन माझ्या गच्चीवरच्या कुंड्यांकडे बघून चिडत असे.

सुखदेवच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे स्मरणाच्या, कार्यक्रमाला मी गेलो. लोक बोलायला उठले. कोणीतरी म्हणालं, माधव वांगं देणारे माधवराव गुरुजी आणि सुखदेव गुरुजी यांची मैत्री म्हणजे आदर्श. मला बोलायची विनंती झाली. मी उठलो, हात जोडले, आणि गळा दाटल्यासारखं करून खाली बसलो. खरोखर दाटला होता की नव्हता, आता सांगता येणार नाही.

नंतर जेवणं झाली. आनंदची बायको संगीता हिनं माझं ताट आतच आणून दिलं. ताटात भरीत होतं. पऱ्हाटीच्या धुराचा वास. मी पहिला घास खाल्ला आणि हात थांबला. हे वांगं मी कधी खाल्लं नव्हतं. माझ्या वांग्यासारखंच, पण माझं नव्हे; गोडसर, मऊ, बी दाताखाली न येणारं.

"संगीता, हे कोणतं वांगं?"

"मागचं हाये काका, आपल्याच वाफ्यातलं."

"माधव वांगं?"

ती थोडी हसली. "राग नका मानू काका. तुमचं वांगं बाजाराले चांगलं, दिसाले मोठं. आमच्या घरी हेच लावतेत. आजीचं वांगं. आजीनं म्हणे एका साली बियाचं फळ कोनी तोडलं तं त्याच झाडाचं दुसरं फळ पानाखाली दडवून ठेवलं होतं, चिंधी न बांधता. आजी दात लावून चव पाहे अन् बी ठेवे. बाहेर कोनाले द्याचं नाही असं सांगून गेली. बाबाईनं कोनाले नाही देल्लं."

"कोणी तोडलं होतं, ते सांगितलं नाही?"

"नाही. बाबा म्हणत, ढोरानं तोंड घातलं असन."

म्हणजे जेठात तो ओंजळ धरून उभा होता तेव्हा बी त्याच्या घरातच होतं; चोरी उमगल्याचं मला कळू नये म्हणून तो मागायला आला असणार. बाजारभर माझं नाव होतं आणि खरं वांगं ह्या स्वयंपाकघरात होतं. मी सालोसाल प्रदर्शनात दिसावं म्हणून मोठं फळ राखत गेलो, आणि वेणूमायनं चव राखली. नव्वदीच्या उंबरठ्यावर, मित्राच्या मरणाचं जेवण जेवताना, मला पुन्हा तोच जुना हेवा वाटला… मी सगळं भरीत संपवलं. मग संगीताला म्हणालो, बस जरा. आणि तिला सांगितलं. चिंधी, विहीर, तरंगणारं वांगं, ओसरीवरून सोडलेलं बी, सगळं. मला वाटलं, ती उठून जाईल किंवा रडेल. ती ऐकत होती आणि भाकरीचा तुकडा बोटांनी बारीक करत होती. शेवटी म्हणाली, "म्हणून आजीच्या तोंडून तुमचं नाव कधी निघे नाही." मग ताट उचलत म्हणाली, "चला काका मांगं. एक काम हाये तुमच्याजवळ."

मी काठी टेकत मागे गेलो. मेथी उगवून चार बोटं झाली होती. शेवटची त्यानं टाकलेली. स्टूल तिथेच होतं. वांग्याच्या एका झाडाखाली मातीत हिरवी चिंधी पडलेली होती.

"मागच्या हप्त्यात पाऊस आला, तवा गळून पडली," संगीता म्हणाली. "बाबाईनं बांधलती. त्याईचे हात आताशा कापत होते. झाडाले दोन फळं हायेत. कोनतं बियाचं ते मले नाही माहीत. तुम्हीच पाहा न, तुम्हाले समजते."

तुम्हाले समजते. एवढं सगळं ऐकल्यावर ती असं म्हणाली. मी स्टुलावर बसलो. दोन फळं होती, एक मोठं आणि दिसायला झकास, दुसरं लहान, पानाआड. चष्मा पुसून मी दोन्ही देठ बघितले. मोठ्याच्या देठावर काही नव्हतं. लहानाच्या देठावर, डाव्या अंगाला, चिंधी टेकून राहिली होती तेवढ्या जागेवरची लव पुसट दबलेली होती. काच नव्हता. चिंधी उचलून मी माती झटकली आणि त्याला बांधली. बांधून झाल्यावर बघतो तर बैलाची गाठ. सोडली. पुन्हा बांधली, पुन्हा तीच. तिसऱ्यांदा दोन वेढे सैल घेतले, मध्ये बोट ठेवून गाठ आवळली, बोट काढून घेतलं. डावीकडे न्यायची ती उजवीकडे आली, पण देठाला जागा राहिली.

संगीतानं वाकून पाहिलं. "बाबाईची अशी नव्हती," ती म्हणाली.

"नाही," मी म्हणालो. "ही माझी हाये."